आजोबांचा कागद कोणाच्या हाती?



जपान हे बौद्धांचे राष्ट्र आहे, असे आपण मोठ्या आपुलकीने म्हणतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भदंत सुरई ससाई यांना ज्यांनी वंदन केले आहे, त्यांना तर तो देश परका वाटतच नाही. परंतु त्याच देशात शतकानुशतके एक वर्ग गावकुसाबाहेर राहत आला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मेलेली ढोरे ओढावी, कातडी सोलावी, चामडे कमवावे, अपराध्यांना देहदंड देण्याच्या कामी राबावे, ही त्याची नेमून दिलेली कामे होती. त्यातील एका समूहास ‘एता’ म्हणत. ज्या अक्षरांनी हा शब्द लिहीत, त्यांचा अर्थ ‘पुष्कळ घाण’. दुसऱ्यास ‘हिनिन’ म्हणत, म्हणजे ‘माणूस नव्हे तो’. आज त्यांच्या वंशजांना ‘बुराकुमिन’ म्हणजे ‘वस्तीचे लोक’ म्हणतात. त्यांचा चेहरा, भाषा, पोशाख, आडनाव, यांपैकी कशातही इतर जपान्यांहून फरक नाही. मग ते ओळखले कसे जातात? कागदावरून.

हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. वकिलीच्या व्यवसायात नवदीक्षित कुटुंबे माझ्याकडे येतात, तेव्हा बहुधा पहिला प्रश्न हाच असतो : ‘साहेब, आम्ही आता बौद्ध झालो, मग मुलाच्या दाखल्यावरचा तो जुना शब्द खोडून मिळेल काय? शब्दच उरला नाही, तर विटाळ उरेल कोठून?’ प्रश्न रास्त आहे आणि त्यामागची वेदना तर मी घरातूनच जाणतो. मात्र शब्द खोडण्याचा हा प्रयोग जपानने १८७१ साली करून पाहिलेला आहे. त्याचे फळ काय मिळाले, ते आपण पाहिले पाहिजे.

त्या वर्षी मेइजी सरकारने फर्मान काढले की, एता व हिनिन ही नावे यापुढे रद्द. हे लोक धंद्याने आणि दर्जाने सामान्य प्रजेच्या बरोबरीचे समजावेत. फर्मान अगदी त्रोटक होते, आणि नावाखेरीज त्याने फारसे काही दिले नाही. उलट काढून मात्र घेतले. मेलेल्या गुराढोरांवर व चामड्यावर या लोकांचा जो पिढीजात हक्क होता, तो त्याच वर्षी गेला आणि त्या धंद्यात भांडवलवाले शिरले. त्यांच्या जमिनींना कोठे कोठे करमाफी होती, तीही गेली. इतरांचे कर व लष्कराची सक्तीची भरती मात्र त्यांनाही लागू झाली. म्हणजे समता आली ती बोजाची. महारवतन ज्यांच्या आजा-पणजांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको. वतन हे गुलामीचे जोखड खरे, परंतु जोखड काढताना बैलाचा चाराही काढून घेतला, तर त्याला मुक्ती म्हणत नाहीत. तेवढीही मुक्ती शेजाऱ्यांना सोसवली नाही. १८७३ साली मिमासाका प्रांतात शेतकऱ्यांनी दंगा केला, बुराकु वस्त्या जाळल्या, माणसे मारली. ‘आम्ही पूर्वीसारखेच नमून वागू’ असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात येत होते.

आता कागदाकडे येऊ. फर्मानानंतर दुसऱ्याच वर्षी, १८७२ साली, सरकारने साऱ्या देशाची कुटुंबनोंदवही तयार केली. तिला ‘कोसेकी’ म्हणतात. आपल्याकडे जन्माची नोंद एकीकडे, विवाहाची दुसरीकडे, वारसाची तिसरीकडे असते. तेथे एका कुटुंबाचे एकच पान असते. जन्म, विवाह, दत्तक, घटस्फोट, मृत्यू, सारे त्याच पानावर. आणि पानाच्या माथ्यावर कुटुंबाचा मूळ नोंदणीचा पत्ता. तुम्ही राहावयास टोकियोला गेलात, तरी तो पत्ता गावाकडचा राहू शकतो. तो बदलता येतो. परंतु बंद झालेले जुने पान फाडून टाकीत नाहीत, जपून ठेवतात. २०१० साली ही मुदत ८० वर्षांवरून १५० वर्षे करण्यात आली. म्हणजे नव्या पानावरून जुन्या पानावर, त्यावरून आणखी जुन्या पानावर असा माग काढीत गेले की आजोबांची वस्ती सापडते. १८७२ च्या नोंदवहीत तर ठिकठिकाणी कारकुनांनी ‘पूर्वीचा एता’ किंवा ‘नवा सामान्य’ असे शेरेच मारून ठेवले होते. ‘नवा सामान्य’ ! नव्याला नवा म्हणण्यात अपमान कसा भरता येतो, हे ‘नवबौद्ध’ हा शब्द ज्याने तिरकस ओठांनी उच्चारलेला ऐकला आहे, तोच समजू शकेल.

आणि ही नोंदवही सर्वांना खुली होती. ठरलेली फी भरून कोणीही कोणाचेही पान पाहू शके. मुलीचे लग्न ठरले की बाप गुप्त चौकशीच्या कचेरीत जाई. नोकरीला माणूस घ्यावयाचा झाला की मालक जाई. १८७२ ची ती शेरे मारलेली नोंदवही सरकारने कुलपात घातली १९६८ साली आणि चालू नोंदवह्या सर्रास पाहण्यास बंदी झाली १९७६ साली. फर्मानापासून बंदीपर्यंतची वर्षे आपणच मोजावीत.

मधल्या काळातील एक खटला मला कायद्याचा अभ्यासक म्हणून विशेष बोचतो. ताकामात्सु येथील एका बुराकु तरुणाचे एका मुलीवर मन बसले, ती त्याच्याबरोबर राहावयास गेली. मुलीच्या बापाने फिर्याद दिली. १९३३ साली तेथील जिल्हा न्यायालयाने त्या तरुणाला व त्याच्या भावाला लग्नासाठी फूस लावून पळविल्याबद्दल कैदेची शिक्षा दिली. फूस कोणती? तर आपण बुराकुचे आहोत, हे त्यांनी तिला सांगितले नाही ! कायद्याने जो भेद बासष्ट वर्षांपूर्वी संपला होता, तो न सांगणे ही न्यायालयाच्या मते फसवणूक ठरली. यातील तर्क नीट पाहा. समाज म्हणतो, ‘तुझी जात सांगशील तर लाथ मारू.’ न्यायालय म्हणते, ‘सांगणार नाहीस तर तुरुंगात घालू.’ जो नावाच्या लोपात सुरक्षितता शोधतो, त्याच्यासाठी हा सापळा नेहमीच उघडा असतो.

या निकालाविरुद्ध ‘सुइहेइशा’ म्हणजे समतल करणारा संघ, ही बुराकु समाजाची संघटना देशभर उठली. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ती स्थापन झाली होती. तिची मागणी कोणाही वकिलाने अभ्यासावी अशी होती : निकाल रद्द करा, नाही तर ते मुक्तीचे फर्मान तरी रद्द करा ! दोन्ही एकत्र उभी राहू शकत नाहीत, हे सरकारला त्यांनी त्याच्याच कागदावर बोट ठेवून दाखविले. त्या दोघांची शिक्षेची मुदत पुरी होण्याआधी सुटका झाली, परंतु निकाल काही पुसला गेला नाही. याच संघाचे पुढारी मात्सुमोतो जिइचिरो हे युद्धानंतर १९४७ साली वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. त्या वर्षी अंमलात आलेल्या संविधानाच्या १४ व्या कलमाने सामाजिक दर्जा व कुळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. २४ व्या कलमाने विवाह फक्त वधू-वरांच्या संमतीवर उभा केला. कलमे उत्तम आहेत. १९७५ साली उघडकीस आले की, देशभरातील बुराकु वस्त्यांची नावे व ठिकाणे दिलेली पुस्तके चोरून छापली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. उमेदवाराच्या अर्जावरील पत्ता त्या पुस्तकाशी ताडून पाहिला की काम झाले.

आणि माझ्या व्यवसायबंधूंबद्दलही बोलले पाहिजे. नोंदवह्या बंद झाल्यावरही वकील, दस्तलेखक इत्यादींना कामानिमित्त त्या मागण्याचा अधिकार राहिला. त्यातील काहींनी तो अधिकार चौकशी कचेऱ्यांना विकला. अशी प्रकरणे एकामागून एक उघडकीस आली.

येथे एक कटू गोष्ट आपल्याला ऐकावी लागेल, आणि बौद्ध म्हणून ती आपणच ऐकली पाहिजे. कोसेकीच्या आधी जपानात प्रजेची नोंद कोण ठेवीत असे? बौद्ध मंदिरे. प्रत्येक कुटुंबाने ख्रिस्ती नसल्याचा दाखला मंदिराकडून घ्यावा, असा दंडक होता. एता लोकांची नोंद निराळी, बहुधा मंदिरेही निराळी. मृताला भिक्षू जे धर्मनाम देतात आणि जे समाधीच्या दगडावर कोरतात, त्यातही बुराकु मृतांसाठी ‘पशू’ अशा अर्थाची अक्षरे घातली जात. मनुष्य मेला, जळला, तरी दगडावरची जात जळली नाही ! १९७९ साली अमेरिकेतील एका सर्वधर्म परिषदेत सोतो पंथाच्या प्रमुखांनी ‘जपानात असा भेद नाहीच’ असे सांगितले. पुढे त्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि मंदिरांनी आपापल्या मृतांच्या नोंदवह्या व दगड तपासावयास घेतले. ज्या तथागतांनी उपाली न्हाव्याला शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा दिली, त्यांचेच नाव घेऊन हे चालले होते. अहिंसेच्या शीलाचा आधार घेऊन कसाई व चांभार यांनाच मलिन ठरविले गेले. ते मांस खाणारे आणि ते जोडे घालणारे मात्र निर्मळ राहिले. तेव्हा, केवळ बौद्ध असणे पुरेसे नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा का दिल्या, याचे उत्तर मला पुष्कळ अंशी जपानच्या या दगडांवर वाचावयास मिळाले.

कोसेकीचा मार बुराकुंनाच बसला असे नाही. युद्धापूर्वी साम्राज्याचे प्रजाजन म्हणविले गेलेले कोरियन लोक निराळ्या नोंदवहीत होते, एवढ्या आधारावर १९५२ साली एका खात्याच्या परिपत्रकाने जपानात राहत्या घरी परदेशी ठरले.

आता आपल्याकडे पाहू. आपला आणि बुराकु समाजाचा कागद सारखाच आहे, उपयोग मात्र उलटा आहे. महाराष्ट्रात जातपडताळणीसाठी आपणच १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत शाळा आणि कचेऱ्या पालथ्या घालतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत ‘महार’ हा शब्द स्पष्ट सापडला की आपला जीव भांड्यात पडतो. तोच कागद सापडला की क्योतोतील बापाच्या काळजात धस्स होते. कारण आपल्या संविधानाने त्या शब्दाला हक्काचा पुरावा बनविले. धर्मांतरानंतर हा हक्क केंद्रात आपल्याला नाकारला गेला होता. तो मिळण्यास १९९० ची दुरुस्ती यावी लागली, हे विसरू नका. जपानने १९६९ च्या कायद्याने बुराकु वस्त्यांना रस्ते, घरे, शिष्यवृत्त्या दिल्या. परंतु व्यक्तीला हक्क दिला नाही, वस्तीला दिला, आणि तोही २००२ साली संपविला. कित्येक वस्त्यांनी ‘आमची नोंदच नको’ म्हणून तो घेतलाही नाही. नावाच्या भयाने हक्क सोडला. नाव तरी सुटले काय?

यास्तव माझे सांगणे असे आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हाच शब्द लिहा. तेथे दुसरा शब्द सोयीसाठीही लिहू नका. सरकारकडे हक्क मागताना जातीचा पुरावा द्यावा लागतो, तो ताठ मानेने द्या. त्याने धम्माला कमीपणा येत नाही. तो ऋणकोचा कागद नव्हे, धनकोचा आहे. परंतु सरकार सोडून दुसरा कोणी तोच कागद मागू लागला, मग तो घरमालक असो, कंपनी असो वा होणारा व्याही असो, तर त्याला तो मागण्याचा अधिकार काय, हे आधी विचारा. बुराकु समाजाने हा अधिकार लढून मिळविला. २०१६ साली जपानात बुराकु भेदभाव निर्मूलनाचा कायदा झाला. त्यात शिक्षेची तरतूद नाही, म्हणून तो दुबळाच आहे. पण त्याच वर्षी, १९३६ सालच्या वस्त्यांच्या एका जुन्या यादीचे पुनर्मुद्रण करू पाहणाऱ्या प्रकाशकास त्यांनी न्यायालयात खेचले, आणि २०२३ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने ‘भेदभाव सहन करावा न लागण्याचा’ माणसाचा हक्क मान्य केला. हा केवळ खाजगी बाब गुप्त ठेवण्याचा हक्क नव्हे, त्याच्या पुढचा आहे. आपल्या वकील मुला-मुलींनी तो निकाल अभ्यासावा. दोन्ही देशांच्या सरकारांनी मात्र आंतरराष्ट्रीय दरबारात एकच सूर लावला आहे : आमच्याकडील हा भेद वंशभेदाच्या करारात बसत नाही !

शेवटी आपल्याच घरातील एका कागदाविषयी. आपले वधू-वर मेळावे भरतात. तेथील छापील अर्ज माझ्यापुढे आहे. वर बुद्धाची प्रतिमा, खाली त्रिशरण, आणि सातव्या ओळीत ‘पोटजात’ असा रकाना. हा पुरावा कोणत्या सरकारने मागितला आहे? या रकान्यातून कोणती शिष्यवृत्ती मिळणार आहे? ताकामात्सुच्या न्यायाधीशाने जे विचारले, तेच येथे आपण आपल्या मुलीला विचारीत आहोत. पुढचा मेळावा भरण्यापूर्वी आपल्या गावच्या समितीकडून तो अर्ज मागवून घ्या, रकाना असल्यास तो कोणाच्या सांगण्यावरून छापला हे लेखी विचारा, आणि आलेले उत्तर या पाक्षिकाकडे पाठवा.