पडदा ‘चूक’ म्हणतो, कारण सांगत नाही

महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आता त्या इंग्रजीचा सराव घरोघरी मोबाईलच्या पडद्यावर चालतो. विस्कटलेले शब्द बोटाने सरकवून वाक्य जुळवायचे, हा त्यातील नेहमीचा खेळ. मराठी शाळेतील मूल ‘राम आंबा खातो’ याच वळणाने क्रियापद शेवटी ठेवते. लाल खूण उमटते. मग अंदाजाने सरकवता सरकवता केव्हातरी हिरवी येते, आणि मूल पुढे जाते. लाल खुणा वाढल्या, की पालक दोष देतात मराठी शाळेला!

वस्तुतः ही चूक अज्ञानातून झालेली नसते. मुलाने मायबोलीचा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येते, एवढे मराठीतून समजावले की वाट मोकळी होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी असेच, मराठीचे बोट धरून शिकविले. इंग्रजीला आमचा विरोध नाही. तिच्यासाठी मराठी शाळा सोडण्याला आहे.

वस्त्यांमधून अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे खेळ अवश्य वापरावेत. मात्र प्रत्येक लाल खुणेपाशी थांबून मुलाला विचारावे, “हेच तू मराठीत कसे म्हणशील?”