निष्ठेपेक्षा धान भारी

मतदाराचा राजकीय कल तीन गोष्टींतून घडतो. समाज कसा चालावा याविषयीची विचारसरणी, योग्य-अयोग्य ठरवणारी मूल्ये आणि पक्षाशी जडलेली निष्ठा. यांपैकी पक्षनिष्ठा बहुधा घरातूनच येते आणि सहसा सुटत नाही, असे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अमेरिकन व्होटर’ या ग्रंथाने मांडले. भंडारा जिल्ह्यात मात्र हा सिद्धांत अडखळतो.

१९५४ची लोकसभा पोटनिवडणूक पाहावी. मतदारसंघ द्विसदस्य होता; प्रत्येकाला दोन मते, पण एका उमेदवाराला एकच देता येई. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी हरले. निव्वळ काँग्रेसविरोधावर मतदान झाले असते, तर दोघांचा निकाल एकच लागला असता. समाजवाद पटलेल्या अनेकांचा हात दुसऱ्या मताच्या वेळी आखडला, आणि त्यामागे जात नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दुसरे मत कोणालाच न देता कुजवावे, असे आंबेडकरांच्या कार्यकर्त्यांना वाटत होते. आंबेडकरांनी ते साफ नाकारले. मूल्याने पक्षहितावर मात केल्याचे असे उदाहरण आपल्या निवडणुकांत विरळाच.

अलीकडे पक्षाची खूण आणखी पुसट झाली आहे. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत भाजपच्या नाना पटोले यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या प्रफुल्ल पटेल यांना हरवले. डिसेंबर २०१७मध्ये शेतकऱ्यांचे प्रश्न पुढे करून पटोले यांनी खासदारकी सोडली आणि नंतर ते काँग्रेसमध्ये परतले. २०१८च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे जिंकले. तेही पूर्वी भाजपचे आमदार. २०१९मध्ये भाजपचे सुनील मेंढे, २०२४मध्ये काँग्रेसचे प्रशांत पडोळे. नेतेच इतक्या सहजपणे पक्ष बदलत असतील, तर मतदाराने निष्ठा कुठे टांगावी?

निष्ठेची जागा इथे हितसंबंध घेतात. धानाचा भाव आणि बोनस, खरेदी केंद्रावरचा खोळंबा, गोसेखुर्द धरणग्रस्तांचे पुनर्वसन. विचारसरणी त्यांना भाषा पुरवते आणि जात त्यांना गट पुरवते. म्हणून तोच मतदार लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरा कौल देतो. पडोळे निवडून आल्यानंतर सहा महिन्यांच्या आत जिल्ह्यातील तीनपैकी दोन विधानसभा जागा भाजपप्रणीत महायुतीने जिंकल्या. साकोलीत तेव्हाचे काँग्रेस प्रदेशाध्यक्ष पटोले वाचले, तेही अवघ्या २०८ मतांनी.