बबल टी प्या, पण घरी केलेला

घरात दहा-बारा वर्षांपुढची मुलं असतील, तर बबल टी हे नाव तुमच्या कानावर आलं असेलच. नाशिकच्या कॉलेज रोडला, गंगापूर रोडला मुलं मित्रमैत्रिणींबरोबर जातात. जाड नळीचा मोठा ग्लास घेतात. तळाशी काळे, चिवट मोती, वर दुधाचा गार चहा. त्यातच हल्ली होजिचा नावाचा जपानी भाजका चहा आला आहे.

मुलांना त्यावरून रागावू नका. चव खरंच छान आहे. पण त्या ग्लासात साखर किती गेली, मोती कशाचे होते, कधी शिजवले होते, हे तुम्हाला कळत नाही. घरी केलात तर सगळं कळतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: एका रविवारी हा चहा घरी करा. मुलांना हाताशी घ्या.

परदेशी नावाला बिचकू नका. होजिचा म्हणजे भाजलेला ग्रीन टी. जपानमधल्या क्योटो शहरात 1920 च्या दशकात तो रुजला. उरलेली जून पानं आणि काड्या वाया जाऊ नयेत म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी त्या भाजून विकल्या, असं सांगतात. मोती घातलेला चहा तैवानचा, 1980 च्या दशकातला.

आणि ते मोती कशाचे? टॅपिओकाचे, म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेल्या स्टार्चचे. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. तमिळनाडूतल्या सेलम भागात तो तयार होतो आणि आपल्या एकादशीच्या खिचडीत येतो. ज्या नाशिकमध्ये साबुदाणा वडा खायला लोक रांग लावतात, त्या नाशिकला हा पदार्थ परका नाही.

आता कृती. प्रमाण चार ग्लासांचं आहे.

आधी चहा भाजा

महागडा आयात केलेला डबा आणायची गरज नाही. साधा, सुट्या पानांचा ग्रीन टी घ्या. आसामचा, निलगिरीचा, कांगड्याचा, कुठलाही चालेल. चव अगदी जपानी येणार नाही, कारण तिकडे पानं वाफवून वाळवतात. पण भाजल्याचा खमंगपणा पुरेपूर येतो.

लिंबू, तुळस, मध असा वास लावलेला ग्रीन टी नको. पिशव्यांमधला चुराही नको. तो लगेच जळतो.

चार मोठे चमचे पानं घ्या, साधारण 16 ग्रॅम. चाळणीतून हलवून बारीक भुकटी काढून टाका.

जाड बुडाची कोरडी कढई घ्या. फोडणीची कढई घेऊ नका. तिचा मोहरी-हिंगाचा वास चहाला लागतो आणि मग जात नाही.

गॅस मंद ठेवा. रवा भाजता तसं सतत हलवत राहा. पाच ते सात मिनिटांत हिरवा रंग तपकिरी होतो आणि घरभर खमंग वास सुटतो. धुराची पहिली रेघ दिसली की गॅस बंद करा आणि पानं लगेच ताटात पसरा. कढईत ठेवलीत तर ती आतल्या आत जळतात आणि चहा कडू होतो.

जास्त भाजून ठेवायचा असेल तर पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या घट्ट डब्यात भरा. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. दोन आठवड्यांत संपवा. नंतर वास उडतो.

मग चहा काढा

इथे आपली सवय थोडी बाजूला ठेवा. आपण पाणी, दूध, साखर, पूड सगळं एकत्र उकळतो. हा चहा तसा उकळायचा नाही.

600 मिली पाणी उकळा. गॅस बंद करा. भाजलेली पानं घाला आणि झाकण ठेवा. तीन मिनिटांनी गाळा. एरवी नुसता होजिचा मिनिटभरातच गाळतात. आपल्याला पुढे दूध आणि बर्फ घालायचा आहे, म्हणून जरा दाट हवा.

यात साखर घालू नका. गोडवा मोत्यांच्या गुळातून येणार आहे.

चहा खोलीच्या हवेवर गार करा, मग फ्रिजमध्ये ठेवा. गाळलेल्या पानांना दूध-साखर लागलेली नसते. ती कुंडीच्या मातीत मिसळून टाका.

मोती करायची रीत

टॅपिओका स्टार्च 100 ग्रॅम, गूळ 40 ग्रॅम, पाणी 60 मिली. हा स्टार्च केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो. गूळ गडद रंगाचा घ्या. मोत्यांना रंग त्यानेच येतो.

गूळ पाण्यात विरघळवा आणि गाळून घ्या. गुळात बारीक खडे असतात. मग ते पाणी पुन्हा खळखळून उकळा. ही पायरी टाळू नका. पाणी नुसतं कोमट असेल तर पीठ बांधलंच जात नाही. हातातून ओघळतं.

गॅस बंद करून एक तृतीयांश स्टार्च घाला आणि भराभर हलवा. चिकट खळ तयार होईल. मग उरलेला स्टार्च घाला. हाताला सोसेल इतकं निवलं की ताटात घेऊन मळा. भेगा पडत असतील तर गरम पाण्याचा एक लहान चमचा घाला. फार चिकटत असेल तर वरून थोडा स्टार्च भुरभुरवा.

पिठाच्या लांब वळकट्या करा. सुरीने लहान तुकडे कापा आणि हातावर गोल वळा. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढाच हवा. शिजल्यावर तो फुगतो. हे काम मुलांना द्या. वळलेल्या मोत्यांवर कोरडा स्टार्च टाका, म्हणजे एकमेकांना चिकटणार नाहीत.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळा. मोती सोडा आणि तळाला लागू नयेत म्हणून लगेच हलवा. वर तरंगू लागले की मध्यम आचेवर पंधरा ते वीस मिनिटं शिजवा. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि आणखी पंधरा मिनिटं तसेच राहू द्या. एक मोती कापून बघा. आत पांढरा ठिपका दिसला तर अजून शिजवा.

गार पाण्यातून काढा आणि निथळा. 40 ग्रॅम गूळ आणि तेवढ्याच पाण्याचा पाक करून त्यात मोती घाला. अर्धा तास मुरू द्या.

एवढा वेळ नसेल तर

घरातला साबुदाणा वापरा. मोठ्या दाण्याचा मिळाला तर उत्तम. खिचडीसारखा भिजवू नका. कोरडाच उकळत्या पाण्यात सोडा आणि हलवत शिजवा. दाणा पारदर्शक झाला की चाळणीत ओतून गार पाणी घाला, मग गुळाच्या पाकात टाका.

तो मोत्यांइतका चिवट होत नाही. पण चहात छान लागतो आणि चमच्याने खाता येतो. कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांना हाच द्या. चिवट मोती कवळीला चिकटतात.

ग्लास असा भरा

तळाशी मोती आणि दोन चमचे पाक. त्यावर बर्फ. मग 100 मिली गार दूध आणि 150 मिली गार चहा. म्हशीचं दूध दाट असेल तर थोडं कमी घाला.

दूध आणि पाक दोन्ही गारच असू द्या. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटतं, हे तुम्हाला माहीतच आहे.

बर्फ प्यायच्या पाण्याचाच करा. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. दूध घातलेला चहा अशा दिवसांत बाहेर ठेवू नका. लगेच प्या.

आता साखरेचा हिशेब

सगळा गूळ 80 ग्रॅम. चार ग्लास. म्हणजे एका ग्लासात जास्तीत जास्त 20 ग्रॅम, साधारण पाच चहाचे चमचे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर चांगलं. गूळही त्यातच धरायचा. म्हणजे घरचा एक ग्लासही जवळजवळ दिवसाचा वाटा आहे. त्या दिवशी दुसरं गोड नको. पाक अर्धा केलात तर अजून चांगलं.

घरात मधुमेह असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोती स्वतःच पिठूळ आहेत. गूळ न घालता केले तरी रक्तातली साखर वाढवतात. अशा माणसाला मोती न घालता नुसता भाजका चहा आणि थोडं दूध द्या. तोही चवीला छान असतो.

चहा आहे, हे विसरू नका

होजिचात कॅफिन नसतंच, असं पुष्कळजण सांगतात. ते खरं नाही. जपानच्या सरकारी आहार-तक्त्यात 100 मिली होजिचात सुमारे 20 मिलीग्रॅम कॅफिन दिलं आहे. कॉफीत ते 60 च्या आसपास असतं. म्हणजे कॉफीपेक्षा कमी, पण आहे. आपला चहा तर नेहमीपेक्षा दाट काढलेला आहे. लहान मुलांना रोज देऊ नका आणि संध्याकाळनंतर कुणीच घेऊ नका. झोप उडते.

जेवणाबरोबरही नको. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्या लेकीसुनांनी जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं.

लहान मुलांना मोती देऊ नका

सगळ्यांत महत्त्वाचं हे आहे. जाड नळीने जोरात ओढलेला मोती थेट श्वासनळीत जाऊ शकतो. 2012 मध्ये जर्मनीच्या सरकारी संस्थेने याच कारणासाठी पालकांना सावध केलं होतं. पाच वर्षांखालच्या मुलांना मोती देऊच नका. हट्ट केला तरी नाही.

मोठ्या मुलांना सांगा: बसून प्यायचं. पळताना नाही, हसताना नाही, गाडीवर मागे बसून तर नाहीच. हळू ओढायचं आणि प्रत्येक मोती चावायचा. नळीपेक्षा चमचा बरा.

तरीही कुणाला ठसका लागला तर आधी खोकू द्या. खोकताही येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरकस थापा मारा. दुसऱ्याला लगेच 108 वर फोन करायला सांगा.

साठवताना आणि विकत आणताना

शिजवलेले मोती चार-पाच तासांत संपवा. फ्रिजमध्ये ते कडक होतात. उद्यासाठी ठेवायचे असतील तर न शिजवलेले ठेवा. कोरडा स्टार्च लावून डब्यात भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. लागतील तेव्हा थेट उकळत्या पाण्यात सोडा.

उरलेले मोती सिंकमध्ये ओतू नका. पाइपात चिकटून बसतात.

स्टार्च किंवा तयार मोती विकत आणताना पाकीट उलटून बघा. एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक हवा. घटक आणि मुदत छापलेली हवी. सुटं, बिननावाचं पीठ स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. 2013 मध्ये खुद्द तैवानमध्ये स्टार्चात कारखान्यात वापरायचं रसायन मिसळलेलं सापडलं. मोत्यांसकट कितीतरी पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले होते. जिथे हा चहा जन्मला तिथे हे झालं, तर आपण डोळे उघडे ठेवलेलेच बरे.

मुलं बाहेरचा बबल टी पिणारच नाहीत, असं मी म्हणत नाही. वाढदिवसाला, परीक्षा संपल्यावर पिऊ द्या. तिथेही साखर कमी घालायला सांगता येते. न लाजता तसं सांगायला त्यांना शिकवा.

पण घरी एकदा स्वतःच्या हाताने चहा केला की मुलाला ग्लासात काय असतं ते कळतं. गूळ किती पडला हे त्याने स्वतः मोजलेलं असतं. मोती कच्चा आहे की शिजलेला, हे त्याला चावून ओळखता येतं. पुढे कुठल्याही दुकानात ते ज्ञान त्याच्या उपयोगी पडेल. म्हणून या रविवारी पाव किलो गूळ आणि ग्रीन टीचं एक पाकीट आणा, आणि चहा भाजायचा उलथना मुलांच्या हातात द्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.