भूमध्यसागरी पंगत

गेल्या महिन्यांत धाकट्या बंधूंच्या साठीशांतीसाठीं आम्ही सहकुटुंब साताऱ्याहून सांगलीस गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें टूम काढली कीं, विश्रामबागेच्या बाजूस भूमध्यसागरी पदार्थांचें एक उपाहारगृह नुकतेंच उघडलें आहे, तेथें सर्वांनीं रात्रीं जेवावयास जावें. आमच्या पिढीचे लोक बाहेर खाण्याच्या नांवानें अजूनहि थोडे दचकतात. त्यांतून पदार्थांचीं नांवें अशीं कीं, व्युत्पत्ति लागल्यावांचून घास उतरूं नये! परंतु "काका, सारें शाकाहारीच मागवूं," असें आश्वासन मिळाल्यावर आम्ही दहा जण निघालों.

व्युत्पत्तीचा छंद मला शाळेपासूनचा. पदार्थांची यादी हातीं येतांच तो उफाळून आला. हुम्मूस हा अरबी शब्द; त्याचा मूळ अर्थ निव्वळ हरभरा. शिजविलेला काबुली हरभरा, वाटलेले तीळ, लिंबू, लसूण व मीठ एकत्र घोटून तो करतात. लबने म्हणजे फडक्यांत टांगून पाणी काढलेलें दही, अर्थात् आपला चक्काच. आपण त्यांत साखर व केशर घालून श्रीखंड करतों. ते लोक मीठ व ऑलिव्हचें तेल घालून तो रोटीशीं खातात. फलाफल हा भिजविलेल्या हरभऱ्याचा, कोथिंबीर घातलेला वडा. आपल्या डाळवड्याचा चुलतभाऊच म्हणाना!

हुम्मूसवर तेलाची धार पाहून नातवंडांना मीं एक गंमत सांगितली. तिळाचें तें तैल; त्यावरून तेल हा शब्द आपल्याकडे सर्वच तेलांस लागला. तिकडे ऑलिव्हच्या ग्रीक नांवावरून लॅटिन ओलेउम् व त्यावरून इंग्रजी ऑइल हा शब्द आला. खोबरेल तेल म्हणतांना आपण नकळत तिळाचें नांव घेतों, आणि इंग्रज मोटारींत ऑइल घालतांना ऑलिव्हचें. त्या वाटींत दोन्ही पूर्वज एकत्र नांदत होते. ही सोयरीक आजची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस नांवाच्या ग्रीक ग्रंथांत, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून गहूं, तांदूळ, तूप, तिळाचें तेल व साखर जहाजांतून आफ्रिकेकडे जात असल्याची नोंद आहे. सांगलीहून जवळच, कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांच्या पॉसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ति सांपडली. ती तेथील टाउन हॉलच्या संग्रहालयांत आहे. तेव्हां हे पाहुणे तसे नवखे नव्हेत.

एक अडचण मात्र आली. या पंगतींत पदार्थ मधोमध मांडतात व ज्यानें त्यानें रोटीचा तुकडा त्यांत बुडवून खावयाचा असतो. उष्ट्याच्या विचारानें माझा हात थबकला. सूनबाईंनीं कांहीं न बोलतां प्रत्येकाच्या ताटलींत चमच्यानें वेगळें वाढलें, आणि आचार व जिव्हा या दोहोंचीहि बूज राखली.

इतक्यांत भट्टींतून काढलेल्या रोट्यांची पहिली टोपली आली. यांना पीता म्हणतात. आंबविलेल्या पिठाच्या या रोट्या आपल्या फुलक्यासारख्या टम्म फुगतात. सौ.नें संवयीप्रमाणें त्या उचलून मला, बंधूंना, मुलाला, पुतण्याला व नातवाला वाढल्या. दुसरी टोपली जावेला, सुनांना व नातीला गेली. मग ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेवटीं नात म्हणाली, "आजी, इथें वाढायला माणसें आहेत. तूं खा ना!" तिसऱ्या खेपेची रोटी वेटरनें थेट तिच्या पुढ्यांत ठेवली. तिनें ती मोडतांच आंतून वाफ निघाली. भाजलेलें बोट झटकून ती हंसली आणि सहज म्हणाली, "चाळीस वर्षें झालीं. फुगलेली गरम पोळी आपल्या ताटांत कशी दिसते, तें आज कळलें."

बोलण्यांत गाऱ्हाणें नव्हतें. म्हणूनच तें मला अधिक लागलें.

तीस वर्षें मीं वर्गांत संस्कृत शिकविलें. दंपती हा शब्द द्विवचनांत चालतो, असें फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेतलें. मनुस्मृतींतील पुष्कळ गोष्टी आज मानण्यासारख्या नाहींत, हें खरें. परंतु तिच्या तिसऱ्या अध्यायांत भोजनाचा क्रम सांगतांना, नव्या सुना, आजारी व गर्भिणी यांना अतिथींच्याहि आधीं वाढावें, आणि सर्वांचें झाल्यावर उरलेलें दंपतीनें खावें, असें म्हटलें आहे. तेथील क्रियापदहि द्विवचनी आहे. मागें राहावयाचें तें दोघांनीं! आम्हीं मात्र द्विवचनाचें एकवचन केलें आणि तें एकटीच्या वांट्यास दिलें. इतकी ढोबळ चूक एखाद्या विद्यार्थ्यानें केली असती, तर मीं त्याला बांकावर उभें केलें असतें.

कोणी म्हणेल, पोळी तव्यावरून ताटांत पडावयास हवी, तर कोणी तरी मागें राहणारच. कबूल. पण तें माणूस नेहमीं एकच कां असावें?

साताऱ्यास परतल्यावर पहिल्याच रविवारीं रात्रीं मी तव्याजवळ उभा राहिलों. पहिला फुलका नकाशासारखा झाला, दुसरा करपला, तिसरा मात्र फुगला. तो लगबगीनें नेऊन सौ.च्या ताटांत टाकला. तिनें तो उलटसुलट पाहिला व म्हणाली, "अहो, कडेला कच्चा आहे." पण खाल्ला सगळा. आतां आमच्या घरीं रविवारची रात्र पुरुषांच्या पाळीची ठरली आहे. मुलाचे फुलके माझ्यापेक्षां बरे होतात, हेंहि प्रामाणिकपणें नमूद करतों.

हुम्मूस घरीं करून पाहावयाचा असल्यास काबुली हरभरे रात्रभर भिजत घालून अगदीं मऊ शिजवावे, म्हणजे तो लोण्यासारखा होतो. मात्र वाचकहो, हरभरे भिजत घालण्यापूर्वीं आज रात्रीं आपल्या घरीं शेवटची पोळी कोण खातें, तेवढें पाहून ठेवावें.