गल्ली आपली, अर्ज कुणाकडे?

‘गेटसमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा काढण्यात येईल.’ पनवेल शहरात आणि आजूबाजूच्या नोडमध्ये ही पाटी जागोजागी दिसते. फ्लेक्सवाल्याकडे ती तासाभरात छापून मिळते. या धमकीला कायद्याचा आधार नाही. उलट खरोखरच कुणी टायरची हवा काढली, तर अडचणीत येतो तो हवा काढणाराच. खेद वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पाटी लावणाऱ्या रहिवाशाच्या बाजूने कायदा आधीपासून उभा आहे आणि ते त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मोटार वाहनांच्या चालनासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या विनियमांनुसार कुणाच्या प्रवेशद्वारासमोर, फुटपाथवर, झेब्रा पट्ट्यांजवळ, वळणावर किंवा शाळा-रुग्णालयाच्या दारात गाडी उभी करता येत नाही. तिथे बोर्ड असो वा नसो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून अशा उल्लंघनाला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये दंड आहे. हवा काढण्यापेक्षा गाडीचा फोटो काढून महाट्रॅफिकअ‍ॅपवर टाकणे किंवा जवळच्या वाहतूक शाखेला कळवणे केव्हाही बरे.

पण एका गेटपुरता प्रश्न असतो तेव्हाच हे पुरते. अख्ख्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागत असतील, शाळेसमोरून दुचाक्या सुसाट जात असतील, तर तिथे नवा निर्बंध लागतो. तो मागायचा रस्ता आहे, तो सामान्य नागरिकाला खुला आहे आणि पनवेलकरांनी तो नीट वापरायला हवा. ‘नगरसेवकाला सांगितलंय’ एवढ्यावर विसंबून राहिले, की रातोरात डांबराचा उंचवटा येतो, नाहीतर काहीच येत नाही.

पनवेलमध्ये पहिली अडचण ही की रस्ता नेमका कुणाचा, हेच अनेकांना ठाऊक नसते. इथली नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली आणि जुन्या शहराबरोबर नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा हे सिडकोने वसवलेले नोड आणि २९ गावे एका छत्राखाली आली. नोडमधले रस्ते, गटारे आणि दिवे सिडकोकडून महापालिकेकडे टप्प्याटप्प्याने आले. सायन-पनवेल महामार्ग, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि पळस्प्याहून निघणारा गोव्याचा महामार्ग यांचे धनी वेगळे. वाहतुकीचे पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, जिल्हाधिकारी मात्र अलिबागला. त्यामुळे चुकीच्या दारात दिलेला अर्ज ‘योग्य कार्यवाहीस्तव’ या शेऱ्यासह महिनोन्‌महिने फिरत राहतो. अर्ज लिहिण्याआधी प्रभाग कार्यालयात जाऊन रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का, एवढे विचारून घेतले तरी निम्मा त्रास वाचतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रस्त्यावर जे बांधायचे ते महापालिकेचे काम आणि गाड्यांवर जो निर्बंध घालायचा तो पोलिसांचा अधिकार. गतिरोधक, उंच झेब्रा क्रॉसिंग, पट्टे, खांब, चौकातला अरुंद केलेला कोपरा हे शहर अभियंत्याच्या खात्यात येते. नो पार्किंग, एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना बंदी यासाठी मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली अधिसूचना लागते. आपल्याकडे ती नवी मुंबईचे पोलीस उपायुक्त (वाहतूक) काढतात. कलम ११७ पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यायला सांगते. म्हणून एकच मजकूर दोन्हीकडे द्यावा आणि त्यात स्पष्ट लिहावे, की महापालिकेचे अभियंते आणि वाहतूक शाखा यांनी जागेवर येऊन संयुक्त पाहणी करावी. हे दोन शब्द अर्जात नसले, की दोन्ही कार्यालये एकमेकांच्या अभिप्रायाची वाट पाहत बसतात.

अर्ज कसा लिहावा, यावर सगळे अडते. ‘आमच्या विभागात वाहतुकीचा फार त्रास आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहिले, तर अधिकारी त्याचे करणार काय? त्याऐवजी लिहावे: अमुक सोसायटीच्या गेटापासून तमुक चौकापर्यंत, पूर्वेची बाजू, सुमारे ८० मीटर, सकाळी ७ ते ९ आणि सायंकाळी ५ ते ८ या वेळेत नो पार्किंग. सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा, वेळ दिसेल असे फोटो, शाळेच्या वेळा आणि पूर्वी अपघात झाला असल्यास त्याचा गुन्हा क्रमांक जोडावा.

आणि टेप घेऊन रस्ता मोजावा. हे कुणी करत नाही, पण अर्जातला सर्वांत बोलका पुरावा तोच असतो. समजा गल्ली सहा मीटर रुंद आहे. दोन्ही कडांना गाड्या लागल्या, की प्रत्येक बाजूचे पावणेदोन मीटर जातात आणि मध्ये उरतात अडीच. मोठ्या वाहनाची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे अग्निशमनचा बंब त्या गल्लीत शिरेल का, हे गाडी लावणाऱ्याच्या मर्जीवर राहते. हा हिशेब तीन ओळींत लिहिला, की पाहणीला आलेल्या निरीक्षकाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

सह्या घ्याव्यात, पण नुसत्या सोसायटीतल्या नकोत. खालचा दुकानदार, रिक्षा स्टँडवाले, समोरच्या बैठ्या चाळीतले लोक यांच्याही घ्याव्यात. सोसायटीच्या सभेचा ठराव जोडावा. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती पोच जपून ठेवावी. पुढे सगळे त्या क्रमांकावर चालते. महिना-दीड महिन्यात हालचाल नसेल, तर माहिती अधिकारात पाहणी अहवालाची आणि अर्जावरच्या टिपणीची प्रत मागावी. अशा मागणीला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. महापालिकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. आयुक्तांपुढे प्रकरण नेण्याची ती ठरलेली जागा आहे. आणि प्रश्न अपघातांचा असेल, तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही प्रत पाठवावी. एस. राजसीकरन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असावी असे निर्देश दिले आहेत.

आता गतिरोधकाचे. लोक सर्वांत जास्त मागतात तो ‘ब्रेकर’ आणि सर्वांत वाईट बांधला जातो तोही तोच. इंडियन रोड्स काँग्रेसची याविषयीची मार्गदर्शिका (आयआरसी-९९) १९८८ पासून आहे, २०१८ मध्ये ती सुधारली गेली. साध्या गतिरोधकाचे माप ठरलेले आहे: उंची १० सेंटिमीटर, वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, वर गोलाकार. म्हणजे एक अख्खी छोटी मोटार लांबीत जवळपास मावेल एवढा तो पसरट असतो. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सहज जाते, वेगाने आली तरच धक्का बसतो. चाळीस मीटर आधी सूचनाफलक, वर पांढरे-काळे पट्टे आणि रात्री दिसेल एवढा उजेड हवा. गल्लीबोळांत आपल्याला काय दिसते? हातभर रुंदीचा, कडा खड्या असलेला, रंग न दिलेला डांबराचा बांध. त्यावरून हळू जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईचीही पाठ मोडते आणि अंधारात दुचाकीस्वार तोंडावर आपटतो. म्हणून अर्जात ‘गतिरोधक बसवावा’ एवढेच न लिहिता ‘आयआरसी-९९ च्या मापाचा, फलक व पट्ट्यांसह’ असे लिहावे. एनएमएमटीच्या बसचा मार्ग असेल तर उंच, सपाट झेब्रा क्रॉसिंग मागावे; ते पायी चालणाऱ्यालाही उपयोगी पडते. सोसायटीने वर्गणी काढून स्वतःच बांध घालणे तर अजिबात नको. सार्वजनिक रस्त्यावर परस्पर बांधकाम करता येत नाही आणि तिथे कुणी पडून दगावला तर जबाब द्यायला उभे कोण राहणार?

वेग कमी करण्याचा हट्ट धरायचा तो कशासाठी, हे कामोठ्याने पाहिले आहे. २१ जुलै २०१९ च्या संध्याकाळी सेक्टर ६ मध्ये एका भरधाव मोटारीने रस्त्यावरच्या गाड्यांना आणि माणसांना उडवले. दोघे मृत्युमुखी पडले, त्यांत एक लहान मुलगा होता. तो महामार्ग नव्हता, लोक भाजी घ्यायला आणि मुलांना फिरवायला उतरतात तो वस्तीतला रस्ता होता. सिडकोचे नोड आखताना रस्ते सरळ आणि रुंद ठेवले गेले. असा मोकळा रस्ता समोर दिसला, की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. नुसत्या चालकांच्या प्रबोधनाने हे आटोक्यात येईल असे मानणे भाबडेपणाचे आहे. चालकाला हळू जाण्यावाचून पर्यायच उरू नये, असा रस्ता बांधावा लागतो. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात मुलांच्या अपघाती मृत्यूंनी हादरलेले आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा तिथल्या वस्त्यांतले रस्ते बदलले. मागणी रहिवाशांची होती, उपाय अभियंत्यांनी केले.

नो पार्किंगच्या बाबतीत एक सोय आपल्याकडे आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. वाहतूक पोलीस असे निर्बंध बरेचदा आधी प्रायोगिक तत्त्वावर लावतात आणि नागरिकांकडून लेखी हरकती व सूचना मागवतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती छोटी सूचना येते. मुदतीत हरकती येतात त्या बहुधा ज्यांचा धंदा बुडेल असे वाटते त्यांच्या. निर्बंध हवा असलेला रहिवासी मात्र घरी स्वस्थ बसतो, कारण त्याला वाटते काम झाले. पाठिंब्याचे पत्रही त्याच मुदतीत द्यायला हवे. कलम ११५ खालची बंदी एक महिन्यापुरती असेल, तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे एखाद्या गल्लीत महिनाभर एकेरी वाहतूक करून पाहणे सहज शक्य आहे. दुकानदारांची भीती खरी की खोटी, हे त्या महिन्यात कळते. वाद घालून कळत नाही.

दुकानदारांचे म्हणणे झटकून टाकू नये. टिळक रोड किंवा उरण नाक्याच्या परिसरात माल उतरवायला टेम्पो लागणारच. त्यासाठी सकाळची ठराविक वेळ मोकळी ठेवण्याची मागणी रहिवाशांनीच आपल्या अर्जात घालावी. पुण्याने वर्षानुवर्षे चालवलेली पी-वन, पी-टूची पद्धत, म्हणजे सम तारखेला एक बाजू आणि विषम तारखेला दुसरी, जुन्या पनवेलच्या अरुंद गल्ल्यांना अगदी योग्य आहे.

यात रहिवाशांनाही काहीतरी सोडावे लागेल. सोसायटीत दुसरी-तिसरी गाडी घेतली जाते, आतली जागा पुरत नाही आणि मग रस्त्याची कडा ‘आपली’ होते. कुंड्या, जुने टायर, तुटक्या खुर्च्या ठेवून ती राखली जाते. हाही रस्त्यावरचा अडथळाच आहे. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये पार्किंगच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे जाहीर केले होते. एमएच-४६ च्या पाट्या दर आठवड्याला वाढत असलेल्या शहरात तो विचार चुकीचा नाही. नो पार्किंग मागणाऱ्या सोसायटीने आधी आपल्या कुंड्या उचलल्या, तर तिच्या अर्जाला वजन येते.

आणि घाई आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. विमानतळाकडे जाणारी-येणारी वाहने आडवाट शोधत वस्त्यांत शिरतील, टॅक्सी सेक्टरांच्या कडेला थांबतील. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आताच हातपाय हलवायला हवेत. २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेत जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आले आहेत. त्यांच्याकडून एक गोष्ट मागावी: रस्त्यावरच्या निर्बंधांसाठी एकपानी छापील अर्ज, प्रत्येक प्रभाग कार्यालयात उपलब्ध, पाहणीला ठरलेली मुदत आणि नकार द्यायचा तर कारण लेखी. यासाठी नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

अर्ज करणाऱ्याने वेळही साधावी. पावसाळ्यात डांबराची कामे बंद असतात आणि आयुक्तांचे अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. गणपती-नवरात्र उरकले, की दिवाळीच्या आत अर्ज आवकला पडावा, डिसेंबरपर्यंत संयुक्त पाहणी व्हावी आणि काम प्रभागाच्या यादीत चढावे. असे झाले तर पुढच्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी पट्टे, फलक आणि गतिरोधक जागेवर असतात.