जुन्या गाडीचा हिशेब



"बाबा, ती गाडी आता काढून टाका. विकून जेवढे येतील तेवढे तुम्ही तिच्या दुरुस्तीतच घालता." पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला की हे वाक्य ठरलेलेच. मी आजवर हसून सोडून देत होतो. पण एका मे महिन्यानंतर सौ.ही त्यांच्या बाजूला गेल्या, आणि त्याला कारण मीच आहे.

आमची छोटी पेट्रोल गाडी 2010 सालची. अकोल्याला साडूंकडून अमरावतीला परत येत होतो. मूर्तिजापूर मागे पडले आणि तापमानाचा काटा लालवर गेला. दुपारी दोनची वेळ. रस्त्याकडेच्या बाभळीच्या विरळ सावलीत सौ. दीड तास बसून होत्या. बाटलीत घोटभर पाणी, आणि त्यांना ब्लडप्रेशरची गोळी चालू. त्या काही बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागले.

रस्त्याला दोष देण्याचीही सोय नव्हती. पूर्वी याच रस्त्याचे खड्डे गाडीचा खुळखुळा करत. पण लोणी ते माना या पट्ट्यात जून 2022 मध्ये एका पदराचे 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले, गिनीज बुकात नोंदही झाली. त्या विक्रमी रस्त्यावर आमची गाडी उभी!

दोष माझाच होता. रेडिएटरचा रबरी पाइप होळीपासून पाझरत होता. मी रोज सकाळी वरून पाणी टाकायचो, अकोल्याला तर साडूंच्या बोअरचे टाकले. खारपाणपट्ट्यातले ते पाणी! भांड्यावर क्षार चढतो, तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही चढतो. कूलंट पातळ झाले, नळ्या चोंदल्या, इंजिन तापले. इंजिन तसे तापले की वरचे अॅल्युमिनियमचे हेड किंचित वाकते आणि खालची गॅस्केट जाते. मग हेड उतरवा, घासून सपाट करा. गाडी ओढून आणण्याचे 2600 आणि काम 11,400. मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, रस्ता नवा झाला, पण रबर तं जुनंच हाये ना जी! चारशेचा पाइप होता, तुम्ही त्याचे अकरा हजार केले."

मास्तरकीची सवय, म्हणून गाडीची वही ठेवली आहे. पाच वर्षांचा हिशेब असा: क्लच प्लेट 6800, शॉकअॅब्सॉर्बर व खालचे बुश 9200, बॅटरी 4100, चार टायर 14,000, नेहमीची सर्व्हिसिंग 17,500, आणि हे गॅस्केट प्रकरण 14,000. एकूण 65,600, म्हणजे महिन्याला साधारण अकराशे. इन्शुरन्स आणि पेट्रोल वेगळे, पण ते नव्या गाडीलाही लागतेच. नव्या गाडीचा हप्ता अकराशेत कुठे बसतो? म्हणून चिरंजीवांचे गणित मला पटत नाही. दुरुस्तीची तुलना विक्रीच्या किमतीशी करून काय उपयोग? गाडी विकल्यावर दारात जे उभे करावे लागेल, त्याच्या खर्चाशी करावी.

पण माझ्या वहीतही एक रकाना नव्हताच. बाभळीखालचा तो दीड तास कुठे मांडू?

म्हणून आता मी दुरुस्तीचे दोन भाग केले आहेत. रस्त्यात सोडून जाणारे किंवा जिवावर बेतणारे भाग, म्हणजे पाइप, कूलंट, पट्टे, ब्रेक, बॅटरी आणि टायर, हे कॅलेंडर पाहून बदलायचे, बिघडण्याची वाट पाहायची नाही. आम्हा म्हाताऱ्यांची गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते, पण रबर किलोमीटर मोजत नाही, वय मोजते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वऱ्हाडच्या उन्हात बाजूला भेगा पडलेल्या असतात. आणि जे भाग नुसता त्रास देतात, खडखडणारा डॅशबोर्ड, अडकणारी काच, दरवाजाचा पोचा, ते राहू द्यावेत.

15 वर्षे झाल्यावर तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. 600 रुपयांची ती फी 1 एप्रिल 2022 पासून 5000 झाली, पर्यावरण कर निराळा. तो भरायचा, तर गाडी खालून नीट पाहून मगच. चासिसला गंज असेल किंवा इंजिनच उघडायची वेळ आली असेल, तर चिरंजीवांचे ऐकावे. मी मिस्त्रीकडून पाहून घेतले. गंज नाही, म्हणून फी भरली.

जुनी गाडी महाग नसते, आपली चालढकल महाग पडते. आणि तिचे बिल दर वेळी आपणच भरतो असेही नाही. शेजारी बसलेल्या माणसालाही ते भरावे लागते.

असो. आता मे महिन्यात अकोल्याला जाणे पहाटेचेच, आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या. सौ. पुढच्या सीटवर बसतात खऱ्या, पण त्यांची नजर रस्त्यावर नसते, त्या काट्यावर असते. तो विश्वास परत मिळवायला अजून काही फेऱ्या लागतील.