सकाळी सहाची डीपी

गॅसची पाइपलाइन नाही, सिलिंडर नाही, स्वयंपाक इंडक्शनवर आणि पाणी गीझरवर. अशा परवडणाऱ्या घरांचा आराखडा हाती आला की आपण आधी बेरीज करतो. दिवे-पंखे, फ्रिज, इस्त्री, दोन किलोवॉटची शेगडी, दोनचा गीझर मिळून घरामागे जोडभार सहा किलोवॉट. २४० घरांचे १,४४०, म्हणजे १,६०० केव्हीएची तजवीज. शेजारच्या टेबलावर गॅसच्या काळातला ठोकताळा चालतो: घरामागे एक किलोवॉट धरा, ३१५ केव्हीए पुरे. पहिल्या हिशेबाने घर महागतं, दुसऱ्याने डीपी जळते.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका वसाहतीच्या डीपीपाशी आम्ही पहाटे टाँग टेस्टर घेऊन उभे होतो. पाचला सगळं निवांत. पावणेसहाला तिन्ही फेजवर आकडा चढायला लागला आणि उतरेचना. वायरमन म्हणाला, “साहेब, कंपनीची बस साडेसहाला येते ना!” डबा, आंघोळ, चहा, सगळं त्या एका बससाठी.

निम्म्या शेगड्या आणि एक तृतीयांश गीझर एकाच वेळी चालू धरले, तर २४० घरांत ४०० किलोवॉट होतात. फ्रिज-दिवे आणि पंप-लिफ्टचे शंभर मिळवा. ६३० केव्हीए लागतंच. पण यातले गीझरचे १६० हलवता येतात. पंधरा लिटरची टाकी चार आंघोळींना पुरत नाही, म्हणून ती ऐन गर्दीत पुन्हा पुन्हा तापते. आणि ३० चौरस मीटरच्या घरात मोठी टाकी टांगायची कुठे? त्यापेक्षा प्रत्येक विंगच्या गच्चीवर हीट पंप आणि साठवण टाकी द्यावी, पाणी रात्रीच तापवून ठेवावं. वीजही साधारण तिसऱ्या हिश्श्याने लागते. बिल सोसायटीच्या नावावर आलं की भांडणं होणार, म्हणून घरोघरी गरम पाण्याचे मीटर हवेत. गच्चीवरचे सौर पॅनेल जरूर लावा, पण हिवाळ्यात पहाटे सहाच्या हिशेबात त्यांची जमा शून्यच.

किती शेगड्या-गीझर एकाच वेळी चालू धरायचे, तो गुणांक मात्र उसना आणू नये. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची योजना आहे. त्यातल्या १५ हजारांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. घरी विड्या वळणाऱ्या बाईची चूल आणि यंत्रमागावर पाळीला जाणाऱ्याचा डबा यांची वेळ एक नसते. पुण्यातल्या संगणक अभियंत्यांच्या सोसायटीचा आकडा तिथे काय कामाचा? रहिवासी कुठे कामाला जातात, किती वाजता निघतात, हे भाराच्या तक्त्यात तासवार लिहायला हवं. जवळच्या तशाच वस्तीच्या डीपीवर हिवाळ्यात आठवडाभर नोंदी घ्यायला फार खर्च येत नाही.

तरीही शंका उरलीच, तर ओटा आणि केबलचे पाइप दोन रोहित्रांचे ठेवावेत, रोहित्र तूर्त एकच बसवावं.